नमुना नऊ

रांगेत माझा नंबर तीनशे बाविसावा होता आणि खिडकीपलीकडे माझाच नवरा बसला होता.

सकाळी मी यांना डबा भरून दिला, "संध्याकाळी वेळेवर या" असं रोजच्यासारखं सांगितलं आणि हे वळणापलीकडे गेल्यावर चपला घालून मीही निघाले. खिडकीपर्यंत पोचायला अडीच तास लागले. यांनी मान वर न करता हात पुढे केला.

"पत्र."

मी पत्र सरकवलं. यांनी क्रमांक वाचला, नाव वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ओळखीचा पुरावा?"

"अहो, मी आहे."

"ते दिसतंय. पुरावा लागतो."

"एकतीस वर्षं एका घरात राहतोय आपण."

"त्याची इथे नोंद नाही."

मागची बाई करवादली, "अहो ताई, कागद घरून घेऊन यायचे ना. आमचेही पाय दुखतायत." मी पिशवी उलटीपालटी करून ओळखपत्र शोधलं. त्यावर 'पतीचे नाव' असा रकाना आहे. यांनी तोही वाचला, शेजारी पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि मला बिल्ला दिला. "सुनावणी गुरुवारी दुपारी. तीन मिनिटं मिळतील. पुढे चला." मी वळणार तेवढ्यात हे खिडकीच्या गजाला तोंड लावून हळूच म्हणाले, "गॅस बंद केलास ना?"

कायदे होतात त्या इमारतीत आमचे हे नोकरीला होते. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बडी असामी असणार. यांची जागा तळमजल्यावर, जिन्याखाली, पाण्याच्या टाकीला लागून. आवक-जावक कारकून. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून क्रमांक घालायचा ती आवक, आतून बाहेर जाणाऱ्या कागदाला क्रमांक घालायचा ती जावक. चौतीस वर्षांत वर किती सरकारं बदलली, पण यांच्या क्रमांकात कधी खंड पडला नाही. अधीक्षक साहेब यांना 'घड्याळ' म्हणत आणि त्यात कौतुक नसे.

घरीही तोच कारभार. दाराशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असे. 'आवक: शेजारून शिडी, एक.' 'जावक: शिडी परत.' माझा भाऊ रविवारी यायचा, त्याचीही सुटका नव्हती. 'आवक: मेहुणा, एक. जावक: मेहुणा, जेवून.' लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा यांनी दारात परतीची तारीख विचारून लिहून घेतली होती. मला वाटलं, किती ओढ आहे हो माणसाला. नंतर वही पाहिली तर माझ्या वरच्या ओळीत छत्री होती.

असा नाकासमोर चालणारा माणूस बंदुकीच्या भानगडीत पडला तो गणवेशवाल्या बाईंमुळे.

या बाई शाळांचे गणवेश शिवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानात तिसरीतल्या एका मुलाचा गणवेश तसाच राहिला. माप देऊन गेला, न्यायला कोणी आलं नाही. आठ दिवस वाट पाहून बाई पत्ता शोधत त्याच्या घरी गेल्या तेव्हा त्यांना कळलं. पोरगा मित्राकडे खेळायला गेला होता आणि तिथे पलंगाखाली भरलेली बंदूक होती. बाई दुकानात परतल्या, गणवेश खुंटीला अडकवला आणि गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या प्रत्येक आईला, आजीला त्याची गोष्ट सांगू लागल्या. त्यातून 'दोन कुलपं मंडळ' उभं राहिलं. मागणं एवढंच की घरातली बंदूक एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या मोठ्या माणसांकडे.

त्याच सुमारास बंदुकांचा जुना कायदा बदलायचा मसुदा समितीपुढे होता. तो रेटला होता नेमबाज संघाने, परवाने झटपट मिळावेत म्हणून. संघवाले कधी रांगेत उभे राहत नसत. समितीच्या अध्यक्षांना ते सामन्यांना पाहुणे म्हणून बोलवत, पहिल्या रांगेत बसवत आणि गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तिका हातात देत. यांचा राग वेगळाच होता. "शिक्का नसलेला कागद वर जातोच कसा?" असं म्हणत हे घास हातात धरून बसायचे.

आणि या नेमबाज संघाचा चिटणीस होता माझा सख्खा भाऊ.

बाई पहिल्यांदा आल्या त्या सहा पोती घेऊन. पन्नास हजार सह्या होत्या. खिडकीत काय बोलणं झालं ते यांनी मला संध्याकाळी शब्द न शब्द सांगितलं. एरवी बायकोने आणायला सांगितलेली कोथिंबीर लक्षात राहत नाही.

"याला किती क्रमांक पडतील?" बाईंनी विचारलं.

"एक."

"पन्नास हजार माणसं आहेत हो."

"अर्ज एक आहे."

"मग पुढे काय होईल त्याचं?"

"दप्तरी दाखल होईल. म्हणजे कपाटात, कुलपात."

बाई पोत्यावर टेकल्या. म्हणाल्या, "बंदुका पलंगाखाली आणि सह्या कुलपात. छान आहे."

हे थोडा वेळ शिक्का पुसत बसले. मग म्हणाले, "नियम असा आहे, की सुटं पत्र आलं तर त्याला सुटा क्रमांक पडतो. आणि क्रमांक पडला की तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं."

"मी तिला सल्ला दिला नाही हं," हे मला तीनतीनदा सांगत होते. "विचारलं म्हणून नियम सांगितला."

शाळा सुरू व्हायचे दिवस होते. बाईंनी त्या मोसमात शिवलेल्या प्रत्येक गणवेशाच्या खिशात एक पोस्टकार्ड घातलं. पत्ता छापलेला, खाली कोरी जागा. महिन्याभरात यांच्या खिडकीत अकरा हजार चारशे कार्डं येऊन पडली. कोणी दोन ओळी लिहिल्या, कोणी पानभर गिचमीड. एका कार्डावर कुणा पोराने नुसतं मांजर काढलं होतं. त्या मांजरालाही क्रमांक पडला.

माझ्या नातीच्या खिशातही कार्ड निघालं. मी ते आठ दिवस पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलं आणि मग लिहिलं.

त्या रविवारी दादा जेवायला आला. पानावर बसल्याबसल्या म्हणाला, "काय भावोजी, त्या कार्डांचं काय करताय?"

"क्रमांक घालतोय."

"रद्दीत घाला की."

"रद्दीची नोंदवही वेगळी आहे," हे म्हणाले. "आणि ती माझ्याकडे नाही."

दादा हसला. मग त्याचं नेहमीचं सुरू झालं. "अहो, बंदूक काय आपण होऊन उडते? माणूस चुकतो. कुलपाने काय होणार आहे?" माझ्या हातातला डाव पातेल्यावर जरा जोरात आपटला. हे मान खाली घालून जेवत राहिले.

दादा असं का बोलतो ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्याच्याशी कधी वाद घातला नाही. आम्ही तीन भावंडं होतो. वडील शेतात येणाऱ्या रानडुकरांसाठी बंदूक ठेवत, ती कोठीच्या दाराआड उभी असे. एका दुपारी मोठी माणसं शेतावर होती. दादा दहा वर्षांचा, मी आठ, आमचं शेंडेफळ पाचाचं. शिकार-शिकार खेळत होतो. वडिलांना वाटत होतं, बंदूक रिकामी आहे. आम्ही दोन भावंडं उरलो. त्यानंतर घरात धाकट्याचं नाव कोणी घेतलं नाही. दादाला कोणी रागावलं नाही आणि कोणी जवळही घेतलं नाही. मोठा होऊन तो नेमबाज झाला, बक्षिसं मिळवली, आणि बंदुकीचा दोष नसतो हे जगाला सांगत सुटला. 'कुलूप असतं तर' हे तीन शब्द त्याला ऐकवत नाहीत. कारण मग नेम धरणारं कोण होतं, हे आठवतं.

यांना मी हे लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा सांगितलं होतं. यांनी ऐकून घेतलं, पाणी आणून दिलं, आणि पुन्हा कधी त्यावर तोंड उघडलं नाही. मला वाटायचं, विसरले असतील.

तीस दिवस भरत आले तसं अधीक्षक साहेबांनी फर्मान काढलं, "सगळ्यांना छापील उत्तर टाका आणि मोकळे व्हा." छापील उत्तरांचे नमुने ठरलेले असतात. नमुना सात म्हणजे 'आपले पत्र मिळाले, आभारी आहोत.' नमुना नऊ म्हणजे 'मसुद्यावरील आपले म्हणणे मांडण्यासाठी पुढील महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे पत्र घेऊन समक्ष हजर राहावे.' नमुना नऊ वर्षातून दोन-चार तज्ज्ञांना जायचा. साहेबांच्या सहीचा शिक्का यांच्याच खणात असे.

माझं उत्तर पोस्टमनने आणून दिलं. वर यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'महोदया'. एकतीस वर्षांत यांनी मला लिहिलेलं ते पहिलं पत्र. खाली 'समक्ष हजर राहावे' वाचलं आणि पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं. हे त्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

आणि तो सोमवार उजाडला. चार हजारांवर बायका आल्या होत्या, काही नवऱ्यांनाही धरून आणलं होतं. इमारतीच्या फाटकापासून निघालेली रांग चौक ओलांडून बाजारात शिरली होती. अधीक्षक साहेबांनी एकीच्या हातातलं पत्र घेऊन वाचलं, खाली स्वतःची सही पाहिली आणि मटकन खुर्चीत बसले. अध्यक्ष धावत खाली आले. "तुमच्यातल्या एकीने सगळ्यांच्या वतीने बोला ना," ते हात जोडून म्हणाले. पुढची म्हातारी म्हणाली, "असं कसं? पत्रात समक्ष लिहिलंय." नियमाप्रमाणे ज्याला नमुना नऊ गेला त्याला तीन मिनिटं द्यावीच लागतात. कुणीतरी हिशेब केला, तर दिवसाला शंभर याप्रमाणे दोन महिने होत होते. अध्यक्षांना घेरी यायची बाकी राहिली.

बिल्ला घेऊन मी जिन्याशी आले तर समोरून दादा उतरत होता. काखेत संघाची फाइल होती.

"तू इथे काय करतेस?"

"बोलावलंय."

"कोणी?"

"तुझ्या भावोजींनी."

त्याने बिल्ला पाहिला, माझ्याकडे पाहिलं. चेहरा उतरला. "काय बोलणार आहेस?"

"तीन मिनिटं आहेत. बघू."

"ते काढू नकोस," तो म्हणाला. 'ते' म्हणजे काय हे विचारायची मला गरज नव्हती.

तीन रात्री मला धड झोप लागली नाही. हे मात्र घोरत होते.

गुरुवारी दालनात गेले. तोवर तीनशेवर बायका बोलून झाल्या होत्या आणि समितीतले सभासद पार पिळून निघाले होते. एकाने तर, सांगतात, बुधवारी घरी जाऊन स्वतःच्या सासऱ्यांच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. उजव्या हाताला संघाच्या खुर्च्या होत्या. दादा पहिल्या खुर्चीत होता. गणवेशवाल्या बाई मागे भिंतीशी बसून कुणाचं तरी बटण लावत होत्या.

मी चांगलं दोन पानी भाषण लिहून नेलं होतं. समितीचा कारकून म्हणाला, "सुरू करा", आणि मला चष्माच सापडेना. घरी राहिला होता. मग जे आलं ते बोलले.

"आमच्या घरी बंदूक दाराआड असायची. आम्ही तीन भावंडं होतो, आता दोन आहोत. धाकटा पाच वर्षांचा होता. तो कोणाच्या चुकीने गेला हे घरात कोणी बोललं नाही, म्हणून मी आज बोलते. चूक दहा वर्षांच्या मुलाची नव्हती. मुळीच नव्हती. तो खेळत होता. दाराला कुलूप नव्हतं, एवढंच झालं. त्या मुलाला हे कोणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी आठ वर्षांची होते, मला सुचलं नाही."

तीन मिनिटांतलं एक मिनिट झालं होतं. मी जागेवर जाऊन बसले.

अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे उजवीकडे पाहिलं. "संघाला यावर काही म्हणायचं आहे?"

प्रत्येक बाईनंतर दादा उठून तेच उत्तर वाचून दाखवत होता, असं मला नंतर कळलं. आताही तो उठला. कागद हातात होता. कागदाची घडी घालत तो म्हणाला, "संघाला काही म्हणायचं नाही." मग फाइल खुर्चीवरच ठेवून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवसापासून संघाकडून दुसरा कोणी येऊ लागला, पण त्याच्या बोलण्यात काही दम नव्हता. अध्यक्षांनी अकरा दिवस कसेबसे काढले. बाराव्या दिवशी त्यांनी गणवेशवाल्या बाईंना वर बोलावून मसुद्यात दोन कुलपांचं कलम घालायचं कबूल केलं, तेव्हा कुठे रांग मोडली. अर्थात संघानेही कुलपं बसवायला वर्षभराची मुदत मागून घेतली आणि झटपट परवान्यांचं त्यांचं कलमही राहिलं. बाईंना ते आवडलं नाही. "अर्धा सदरा शिवून झालाय," त्या म्हणाल्या, "बाह्या पुढच्या मोसमात." खुंटीवरचा गणवेश मात्र त्यांनी अजून काढलेला नाही.

इकडे यांना ज्ञापन मिळालं. नमुना सातऐवजी नमुना नऊ पाठवल्याबद्दल खुलासा करावा. निवृत्तीला दोन महिने उरले होते. येणारा-जाणारा प्रत्येक कागद यांच्याच हातून जात असल्यामुळे स्वतःच्या ज्ञापनावर शिक्का यांनीच मारला, क्रमांक यांनीच घातला आणि मग स्वतःला पोच दिली. खुलासा एका ओळीचा होता: 'नमुना नऊ पाठवला हे खरे आहे.' साहेब म्हणाले, "अहो, 'अनवधानाने' एवढं तरी लिहा, मी मिटवून टाकतो." यांनी लिहिलं नाही. चौतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात शेवटच्या पानावर लाल शाईचा शेरा पडला. निरोपसमारंभात भाषणं झाली नाहीत. एक पुष्पगुच्छ मिळाला, त्याची वहीत नोंद आहे.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "खरंच चुकून गेला का हो नमुना?"

हे बूट काढत होते. म्हणाले, "तू पहिल्या वर्षी एक गोष्ट सांगितली होतीस. तिला उत्तर द्यायचं राहिलं होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यांनी घाईघाईने विचारलं, "चहा करतेस का?"

दादा त्या गुरुवारनंतर आमच्याकडे आलाच नाही. संघाचं चिटणीसपदही त्याने सोडलं, असं कानावर आलं. वहीतले रविवार कोरे जात होते. फोन करावा असं रोज वाटे आणि रोज हात मागे येई. सगळ्यांसमोर बोलून मी त्याला कायमचा घालवला की काय, या विचाराने मी आतून पोखरले होते. हे काही समजूत घालत नसत. फक्त रविवारी न सांगता तिसरं पान मांडत आणि जेवण झालं की उचलून ठेवत.

मुदतीचं वर्ष सरायला आठवडा राहिला असताना एका रविवारी दारात दादा उभा. बारीक झाला होता. आत येऊन त्याने खिशातून नव्या कायद्याचा घडी घातलेला फॉर्म काढला.

"भावोजी, हा जरा भरून द्या. मला हे रकाने समजत नाहीत."

आयुष्यभर संघाचे कागद लिहिलेला माणूस तो. यांनी चष्मा लावला, फॉर्म उलटसुलट पाहिला आणि पेन उघडलं.

"बंदुका किती?"

"दोन. कपाट केलंय लोखंडी. गोळ्यांचं वेगळं."

"दुसरी किल्ली कोणाकडे?"

दादाच्या घरी वहिनी आहे, मुलगा आहे, सून आहे. दादा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "हिच्याकडे."

"पूर्ण नाव सांगा," हे म्हणाले. दादाने माझं नाव सांगितलं. यांनी ते एकेक अक्षर सावकाश लिहिलं. पुढचा रकाना नात्याचा होता, तिथे 'बहीण' लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे केला. मी सही केली. यांचा उजवा हात सवयीने शिक्क्यासाठी टेबलावर चाचपला आणि तसाच मागे आला.

दादाने दोऱ्यात ओवलेली किल्ली माझ्या हातात ठेवली. हात थंड होता त्याचा. "त्याला हसताना कानामागे खळी पडायची, आठवतं तुला?" तो म्हणाला.

"आठवतं," मी म्हटलं.

यांनी उठून खिळ्यावरची वही काढली. 'आवक: किल्ली, एक.' 'कोणाकडून' या रकान्यात हे नेहमी 'मेहुणा' लिहीत, आज 'दादा' लिहिलं. परत द्यायच्या वस्तूंसाठी जावकचा रकाना मोकळा सोडायचा असतो. यांनी त्यात एक आडवी रेघ ओढली, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली, वही जागेवर टांगली आणि तिसरं पान मांडायला घेतलं.